तापकीर गल्लीतलं कार्ड आणि तेरावं चॅनल

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आमची छोटी अभ्यासिका आहे. एमपीएससीची तयारी करणारी मुलंमुली सकाळपासून येऊन बसतात. तिथली पुस्तकं, वर्गणी आणि किरकोळ दुरुस्त्या मी बघते. एरवी मी मुद्रितशोधनाची कामं घेते, म्हणजे कॉम्प्युटर माझ्या पोटापाण्याचाच भाग आहे, पण मी इंजिनियर नाही.

एका ओळखीच्या ऑफिसातून आम्हाला दोन लॅपटॉप मिळाले. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि ही यंत्रं विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हती, म्हणून ऑफिसाने ती भंगारात काढायची ठरवली होती. बॅटऱ्या दमलेल्या होत्या, बाकी सगळं धडधाकट. दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं होती आणि दोन्हींत इंटेलचंच वायफाय कार्ड होतं.

मी ठरवलं की यांच्यावर ट्रिस्क्वेल टाकायचं. ट्रिस्क्वेल ही विंडोजच्या जागी चालणारी पूर्ण मुक्त प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम); मुक्त म्हणजे जिचा मूळ मजकूर, सोर्स कोड, कुणालाही वाचता आणि बदलता येतो. नुसतं लिनक्स नाही, तर जिच्यात एकही बंद तुकडा ठेवायचा नाही असं ठरवलेली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन अशा प्रणालींची एक यादी ठेवतं; पॅराबोला, प्युअरओएस, गिक्स वगैरे तिच्यातच येतात. ट्रिस्क्वेलची ‘अरामो’ नावाची अकरावी आवृत्ती २०२३ मध्ये आली, ती उबंटू २२.०४ या नेहमीच्या लिनक्स प्रणालीवर बेतलेली आहे. जुन्या यंत्रावर ती बऱ्यापैकी हलकी चालते, मराठी टायपिंगही नीट होतं.

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याने कपाळाला हात लावला. “अगं मावशी, साधं उबंटू टाक ना. पाच मिनिटांत वायफायसकट सगळं चालेल. आता डेबियनवालेसुद्धा फर्मवेअर देतात बरोबर.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून बंद फर्मवेअर, म्हणजे वायफाय कार्डासारख्या भागांच्या आत चालणारे प्रोग्रॅम, इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, आधी रीतसर मतदान घेऊन. पण सार्वजनिक जागेत मांडायच्या यंत्रात काय चाललंय ते ज्याला बघायचं त्याला शेवटपर्यंत बघता यावं, असं मला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर थोडा हट्टही होता.

पेनड्राइव्हवरून ट्रिस्क्वेल सुरू केलं. पडदा, आवाज, टचपॅड, सगळं पहिल्या फटक्यात चाललं. वायफाय मात्र शून्य. सिग्नल कमी, पासवर्ड चुकीचा, असलं काही नाही; वायफाय नावाची वस्तूच या यंत्रात नाही, अशा थाटात मेनू रिकामा. नेटवर्कची उपकरणं दाखवणाऱ्या ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ या आज्ञेनेही केबलचं पोर्ट तेवढं दाखवलं.

अशा वेळी लोक इंटरनेटवरून मिळतील त्या आज्ञा धडाधड चिकटवायला लागतात. माझा अनुभव असा की यंत्राला आधी विचारावं, ते बहुतेक वेळा सरळ उत्तर देतं. पहिला प्रश्न, कार्ड आत आहे का आणि ते कुठलं? त्यासाठी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा, पुढे ‘एनएनके’ हे पर्याय लावून. तिने इंटेलच्या कार्डाचं नाव, त्याचा चार-चार अंकी ओळखक्रमांक आणि त्याच्या ड्रायव्हरचं, म्हणजे कार्डाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव छापलं. म्हणजे कार्ड जागेवर होतं, कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, दिसत होतं आणि ड्रायव्हरही हजर होता.

मग दुसरा प्रश्न. ड्रायव्हर आहे, तर अडलंय कुठे? त्याचं उत्तर कर्नलच्या नोंदींत, ‘डीमेसेज’मध्ये. तिथे सरळ इंग्रजीत लिहिलं होतं की मुक्त फर्मवेअर सापडत नाही आणि बंद फर्मवेअर चढवण्याची सोय बंद केलेली आहे. संपलं. याच्यापुढे शोधण्यासारखं काही नव्हतं.

इथे जरा थांबते, कारण पुष्कळांचा गोंधळ इथेच होतो. ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवर चालतो. इंटेलच्या या कार्डांचा ड्रायव्हर मुक्त आहे, त्याचा मूळ मजकूर कुणीही वाचावा. पण कार्डाच्या पोटात त्याचा स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालवायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. तो फर्मवेअर. तो कार्डात कायमचा कोरलेला नसतो. दर वेळी यंत्र सुरू झालं की ड्रायव्हर तो हार्ड डिस्कवरून उचलून कार्डात ओततो. त्याची तयार फाइल तेवढी कंपनी देते, मूळ मजकूर देत नाही. नेहमीच्या लिनक्समध्ये ही फाइल मुकाट्याने बसवलेली असते, म्हणून तिथे वायफाय ‘आपोआप’ चालतं. ट्रिस्क्वेलमध्ये कर्नल वापरतात तो लिनक्स-लिब्रे. लॅटिन अमेरिकेतलं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन २००८ पासून तो सांभाळतंय. ते मूळ कर्नलमधून असे बंद तुकडे काढतात, आणि नुसते तुकडेच नाही, तर ते तुकडे मागणारी फाइलची नावंसुद्धा. त्या नावांच्या जागी नोंदींत ‘डीब्लॉब्ड’ असा शिक्का दिसतो. त्यामुळे बाहेरून ती फाइल आणून योग्य फोल्डरमध्ये ठेवली तरी उपयोग नाही, ड्रायव्हर ती मागणारच नाही.

भाच्याला हे पटेना. “म्हणजे मला हवं असलं तरी नाही? हे कसलं स्वातंत्र्य?” प्रश्न बिनतोड आहे आणि मी त्यावर वाद घातला नाही. हवं असेल तर प्रणाली बदलायची मोकळीक आहेच. मला बदलायची नव्हती. मग बदलायचं उरलं कार्ड.

तोवर इन्स्टॉलेशन आणि अपडेटसाठी इंटरनेट हवं होतं, त्याची तोड मात्र सोपी निघाली. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिदरिंग चालू करायचं. लॅपटॉपला ते तारेचं नेटवर्क वाटतं, त्याला लागणारे ड्रायव्हर मुक्त आहेत, फर्मवेअरचा प्रश्नच येत नाही. फोनच्या स्वतःच्या पोटात काय बंद प्रोग्रॅम चालतात ते विचारू नका. वाड्यात दोन्ही यंत्रं टेबलावर, मधे माझा फोन, आणि मुलं विचारतायत, “काकू, हॅकिंग चाललंय का?”

कुठलं कार्ड घ्यायचं ते शोधायला फार कष्ट पडले नाहीत, कारण यादी फार मोठी नाहीच. अथेरॉस कंपनीच्या, वायफायच्या ‘एन’ पिढीतल्या चिप अथ९के नावाच्या ड्रायव्हरवर चालतात आणि त्यांना वरून ओतायचं फर्मवेअर लागतच नाही. जे काम इतर कार्डं पोटातल्या प्रोसेसरवर सोपवतात, ते इथे ड्रायव्हरच पार पाडतो. एआर९२८०, एआर९२८५, एआर९३८० ही त्यातली नावं. एआर९४६२ पण चालतं, पण त्याच्या जोडीला येणाऱ्या ब्लूटूथला पुन्हा बंद फाइल लागते, तेव्हा अर्धंच चालतं. अमुक यंत्र मुक्त प्रणालीवर चालतं की नाही हे बघायला एच-नोड नावाचा एक खुला कोश आहे, तोही चाळला. एआर९२८५ वर बोट ठेवलं. ते जुन्या लॅपटॉपांत सर्रास असायचं, म्हणजे सुट्या भागांच्या दुकानात मिळायला हवं. त्याच्या स्टिकरवर बहुधा चिपचा नंबर नसतो, ‘एआर५बी९५’ असं लिहिलेलं असतं. हे माहीत नसेल तर दुकानात हातातलं कार्ड परत ठेवाल.

पुण्यात असला सुटा भाग शोधायचा म्हणजे तापकीर गल्ली. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास दुपारी गेलं तर चालायला जागा नसते. दिव्यांच्या माळा, केबलची वेटोळी, स्पीकरचे सांगाडे. लॅपटॉपचे सुटे भाग विकणारा एक माणूस जिना चढून वरच्या मजल्यावर भेटला. साठीचा असेल. मी चिठ्ठी पुढे केली.

“वायफाय कार्ड ना? इंटेलचं देतो ताई, एक नंबर चालतं.”

“इंटेलचं काढून टाकायचंय काका. मला अथेरॉसचंच हवं.”

“चांगलं काढून जुनं घालताय?”

“हो.”

त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि टेबलाखालून प्लॅस्टिकचा डबा काढला. तुटक्या लॅपटॉपांतून उपटलेली कार्डं त्यात कोंबलेली होती. आम्ही दोघांनी मिळून ती टेबलावर ओतून स्टिकर वाचले. बरीचशी ब्रॉडकॉम आणि रिअलटेक. एआर५बी९५ सापडली, दोन्ही यंत्रांसाठी घेतली. “चालली नाहीत तर बदलून देईन, पण स्टिकर फाडू नका,” एवढीच हमी. तापकीर गल्लीच्या मानाने ही भरभक्कम हमी समजायची.

कार्ड विकत घेताना आकार बघायला हवा, ते राहिलंच सांगायचं. त्या काळच्या लॅपटॉपांत मिनी पीसीआय एक्स्प्रेसचा खाचा असतो आणि कार्ड अर्ध्या किंवा पूर्ण लांबीचं येतं. आमच्या यंत्रांत अर्धं होतं. नंतरच्या लॅपटॉपांत एम.२ नावाचा वेगळाच खाचा आला, त्यात हे थेट बसत नाही.

लॅपटॉप उघडण्याचं वर्णन लांबवत नाही. बॅटरी काढा, खालचे स्क्रू काढा, जुनं कार्ड तिरकं उचला. कस लागतो तो अँटेनाच्या तारांना. पडद्याच्या कडेतून एक काळी, एक करडी अशा दोन बारीक तारा येतात आणि त्यांच्या टोकाला मोहरीच्या दाण्याएवढ्या पितळी टोप्या असतात. त्या कार्डावरच्या खुंट्यांवर सरळ वरून दाबून बसवायच्या. तिरक्या दाबल्या तर टोपी वाकते, आणि वाकलेल्या टोपीने वायफाय चालतं तर खरं, पण राउटरच्या शेजारी बसलात तरच. हे काम अभ्यासिकेतल्या एका मुलीकडून करवून घेतलं, तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक आणि स्थिर.

पहिला लॅपटॉप सुरू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवलं आहे, ते काढा. आणि यंत्र तिथेच थांबलं. ट्रिस्क्वेलपर्यंत गाडी पोचलीच नाही.

काही कंपन्या आपल्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मान्य कार्डांची यादीच घालून ठेवतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा रजिस्टरात नाव नसलेल्याला आत सोडत नाही, तसा बायोस यादीत नसलेलं कार्ड दिसलं की यंत्रच चालू होऊ देत नाही. कारण म्हणून रेडिओच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं जातं, की अँटेना आणि कार्ड यांची जोडी तपासून मंजूर झालेली असते. ग्राहकाच्या वाट्याला काय येतं, तर आपण विकत घेतलेल्या यंत्रात आपल्याला हवं ते कार्ड घालायची बंदी. काही मॉडेलांवर बायोसच बदलून टाकून, म्हणजे लिब्रेबूट किंवा कोरबूट चढवून ही अट मोडता येते. त्यासाठी पुष्कळदा बायोसच्या चिपला बाहेरून चिमटा लावून लिहावं लागतं. ते करणारे पुण्यातही आहेत. मी अभ्यासिकेच्या यंत्रावर ते प्रयोग करणार नव्हते.

ते कार्ड काढून ठेवलं आणि दुसऱ्या लॅपटॉपकडे वळलो. त्याच्या बायोसने काही खळखळ केली नाही. पण मेनूत अजूनही वायफाय बंदच. ‘आरएफकिल लिस्ट’ म्हटल्यावर कळलं की ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’. म्हणजे सॉफ्टवेअरने नाही, प्रत्यक्ष बटणाने बंद. पुढच्या कडेला नखाएवढा सरकता खटका सापडला, सरकवला, आणि मेनूत पेठेतली सगळी नेटवर्कं ओळीने उभी राहिली. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लगेच जोडला गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या लॅपटॉपसाठी आता यूएसबीचाच मार्ग उरला, म्हणजे बाहेरून खोचायचं वायफायचं डोंगल. बायोस यूएसबीच्या वाटेला जात नाही. इथेही चिप ठरलेली, एआर९२७१. हिला फर्मवेअर लागतं, पण ते मुक्त आहे. क्वालकॉम अथेरॉसने २०१३ मध्ये त्याचा मूळ मजकूर खुला केला, आणि त्यामुळे ट्रिस्क्वेलमध्ये ते आधीच बसवलेलं मिळतं. एखाद्या कंपनीने हे करायचं मनावर घेतलं तर होतं, एवढं यावरून दिसतं. दुसऱ्या कंपन्यांनी मनावर घेतलेलं नाही.

डोंगल विकत घेताना धोका वेगळाच असतो. वर्षानुवर्षं एकाच नावाने, एकाच खोक्यात विकल्या जाणाऱ्या मॉडेलच्या आतली चिप कंपनी मधेच बदलते. पहिल्या आवृत्तीत अथेरॉस, दुसऱ्या आवृत्तीत रिअलटेक. बाहेरून अँटेनासकट डिट्टो. आवृत्तीचा आकडा मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात. ऑनलाइन मागवलं तर फोटो पहिल्याचा आणि घरी येणार दुसरं. म्हणून मी लॅपटॉपच पिशवीत घालून तापकीर गल्लीत गेले. काकांनी ओळखलं.

“काय ताई, आता काय काढायचंय?”

“आता लावायचंय. पण लावून बघितल्याशिवाय घेणार नाही.”

त्यांनी नवी खोकी पुढे केली. ती फोडायला मी नको म्हटलं, जुन्यातलं दाखवा म्हटलं. एकेक डोंगल लावायचं, ‘एलएसयूएसबी’ म्हणायचं, ओळखक्रमांक वाचायचा. पहिली काही रिअलटेक निघाली. मग एकदाचं ‘०सीएफ३:९२७१’ दिसलं, त्याच क्षणी डोंगलचा दिवा लागला आणि मेनूत नेटवर्कं आली. काकांचा पोऱ्या खांद्यावरून बघत होता. त्याने तो आकडा आपल्या फोनमध्ये टिपून घेतला. परत कुणी असलंच विचारत आलं तर, म्हणाला.

इथवर सगळी अडचण खरोखर मुक्त प्रणालीमुळे आली होती, हे मी मोकळेपणाने मान्य करते. साधं उबंटू टाकलं असतं तर तापकीर गल्ली, कार्ड, डोंगल, काहीच लागलं नसतं. पण यानंतर जे झालं ते वेगळं, आणि हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यासाठी.

दोन्ही लॅपटॉप अभ्यासिकेत शेजारी शेजारी मांडले. डोंगलवाल्याला आमचा राउटर दिसला, जोडलाही गेला. कार्डवाल्याला पेठेतले सगळे राउटर दिसत होते. खालच्या खानावळीचा, समोरच्या क्लासचा, मागच्या इमारतीतले तर डझनभर. फक्त आमचा नाही. आणि आमचा राउटर त्याच्यापासून हातभर अंतरावर.

भाचा फोनवर म्हणाला, “बघ, मी सांगितलं होतं. फर्मवेअर नसलं की असंच होणार, अर्धवट चालणार.” अभ्यासिकेतल्या मुलांचंही तेच मत पडलं. एकाने तर कळवळून सांगितलं, “काकू, विंडोज टाकून देऊ का मी?” सगळ्यांकडे निदान आधीच तयार होतं. प्रणाली विचित्र आहे, म्हणजे दोष तिचाच.

पण हे पटण्यासारखं नव्हतं. दोन्हींवर ट्रिस्क्वेलच, आवृत्ती तीच, कर्नल तोच. एकाला दिसतं आणि दुसऱ्याला नाही, तर फरक कार्डातच असणार. शिवाय कार्ड बिघडलं असतं किंवा तारेची टोपी निसटली असती तर लांबचे राउटर आधी गायब झाले असते, जवळचा नाही. मग आमच्या राउटरमध्ये असं काय आहे जे शेजाऱ्यांच्या राउटरमध्ये नाही?

फोनवर वायफायची चॅनलं, म्हणजे त्याच्या रेडिओ पट्ट्यातले क्रमांक दिलेले कप्पे, दाखवणारं ॲप टाकलं. शेजारची सगळी गर्दी १, ६ आणि ११ या चॅनलांवर. आमचा राउटर एकटाच १३ वर. चॅनल निवडायचं काम ‘ऑटो’वर होतं आणि राउटरने गर्दी टाळून सगळ्यात कडेची जागा धरली होती. त्याच्या बाजूने विचार केला तर शहाणपणाच.

मग कार्डवाल्या लॅपटॉपवर पुन्हा ‘डीमेसेज’, या वेळी अथेरॉसच्या ओळी. तिथे सगळं लिहून ठेवलेलं होतं. कार्डाच्या ईप्रॉममध्ये, म्हणजे कारखान्यातच लिहून ठेवलेल्या छोट्याशा स्मृतीत, देशाचा संकेतांक शून्य होता. ‘०एक्स०’. शून्य असेल तर अथेरॉसचा ड्रायव्हर ठरलेला देश धरतो, आणि तो ठरलेला देश म्हणजे अमेरिका. पुढच्याच ओळीत ‘यूएस’ छापलेलं. प्रत्येक देशाचे रेडिओचे नियम वेगळे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्‌झपर्यंत विनापरवाना खुला आहे, त्यात तेरावं चॅनल, ज्याचा मध्य २४७२ वर येतो, व्यवस्थित बसतं. अमेरिकेसाठी बनवलेली वायफाय उपकरणं मात्र अकरावरच थांबतात. ‘आयडब्ल्यू लिस्ट’ने कार्डाची चॅनलं छापली तर बारा आणि तेरापुढे स्पष्ट ‘डिसेबल्ड’. नारायण पेठेतलं हे कार्ड स्वतःला अमेरिकेत समजत होतं, आणि तिथला नियम इमानाने पाळत होतं.

डोंगलच्या नोंदीही बघितल्या. त्याचा संकेतांक ‘०एक्स८०९सी’, म्हणजे चीन. चीनमध्ये तेरापर्यंतची चॅनलं चालतात. म्हणून त्याला आमचा राउटर दिसला. दोघांपैकी भारतातलं कुणीच नव्हतं!

सहज मनात येतं की देश बदलून टाकावा. ‘आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ अशी आज्ञा आहे, मी ती दिलीही. पण कार्डात लिहिलेल्या देशाचे निर्बंध त्याने सैल होत नाहीत. तुम्ही सांगितलेला देश आणि ईप्रॉममधला देश यांतलं जे दोन्हीकडे चालतं तेवढंच अथेरॉसचा ड्रायव्हर उघडं ठेवतो, म्हणजे निर्बंध वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. आणि हे नेहमीच्या कर्नलमध्येही असंच आहे. या कार्डावर साधं उबंटू टाकलं असतं, तरी तेरावं चॅनल दिसलं नसतं. भाच्याला मी हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा सावकाश.

इलाज राउटरमध्येच होता. राउटर इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा, आत शिरायचा पासवर्ड त्यांच्या माणसाकडे. तो मुलगा आला तेव्हा म्हणाला, “मॅडम, ऑटोवरच चांगलं असतं, छेडू नका.” मी म्हटलं, “एकदा एकवर टाकून बघ.” त्याने टाकलं. राउटर परत चालू व्हायच्या आत कार्डवाल्या लॅपटॉपसमोर चार-पाच डोकी जमली. यादीत आमचं नाव आलं तेव्हा त्या मुलालाच जास्त आश्चर्य वाटलं. त्याच्याकडे याच प्रकारच्या तक्रारी येतात म्हणे, की अमुक घरातला जुना फोन किंवा टीव्ही वायफाय पकडत नाही, आणि ते राउटर बदलून देतात. नवा राउटर योगायोगाने दुसरं चॅनल निवडतो आणि तक्रार मिटते.

आता जे मिळालं ते किती चांगलं, तेही सांगायला हवं. एआर९२८५ आणि एआर९२७१ दोन्ही फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात आणि कागदावरचा कमाल वेग १५० मेगाबिट. प्रत्यक्षात त्याच्या निम्माही मिळाला तर नशीब, पेठेतल्या गर्दीत तर त्याहून कमी. वाड्याच्या भिंती दगड-विटांच्या, दीड-दीड हात जाड. राउटरच्या खोलीत ‘आयडब्ल्यू’ सिग्नल उणे ४५ डीबीएमच्या आसपास दाखवतं, मागच्या खोलीत उणे ७८, आणि तिथे पान उघडायला मुलं तोंडं वाकडी करतात. भिंतीपलीकडे मी शेवटी केबलच ओढली. लॅपटॉपांचं तारेचं पोर्ट पहिल्या दिवसापासून विनातक्रार चालत होतं आणि त्याला कुठलंही फर्मवेअर लागलं नाही. वायफायच्या नादात केबल हा पर्याय लोक विसरूनच जातात.

५ गिगाहर्ट्‌झ हवं असेल तर एआर९२८० किंवा एआर९३८० शोधावं लागेल. त्याच्यापुढे मात्र रस्ता बंद आहे. ‘एसी’ आणि ‘एएक्स’ पिढीतली, म्हणजे आजच्या नव्या राउटरांच्या जोडीची कार्डं सगळी बंद फर्मवेअर मागतात; अथेरॉसचीच पुढची चिपसुद्धा. म्हणजे पूर्ण मुक्त प्रणालीवर वायफाय हवं असेल तर ‘एन’ पिढीवर समाधान मानायचं, आणि ‘एन’चं मानक २००९ चं आहे. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका उतरवायला आणि वर्तमानपत्रं वाचायला ते पुरतं. व्हिडिओ बघताना दोघंच जण असतील तर तेही निभतं. ज्याला रोज मोठमोठ्या फाइली हलवायच्या आहेत त्याला मी हे सुचवणार नाही, किंवा सुचवलं तर केबलसकट.

उरलेलं एआर५बी९५ मी परत केलं नाही. काकांनी पैसे द्यायची तयारी दाखवली होती, पण भाच्याच्या घरी एक जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय आणि त्याच्या बायोसमध्ये यादी नाही, हे मी बघून ठेवलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.

राउटरवर मात्र एक पाटी चिकटवली आहे, कारण सुट्टीत कुणीतरी हौशी मुलगा सेटिंगमध्ये शिरणार हे नक्की. तिच्यावर लिहिलंय: ‘चॅनल १ वरच ठेवावे. ऑटोवर टाकू नये. कारण हवे असल्यास अर्धा तास मोकळा ठेवून यावे.’ आतापर्यंत दोघं आले, आणि दोघंही अर्धा तास बसले.